भरलेली जीप

‘पुढील वाटचालीस हार्दिक शुभेच्छा’ हे शब्द कानावर पडले की मला आता शिसारी येते. निवृत्तीचा समारंभ असो नाहीतर दुकानाचं उद्घाटन, मी काढता पाय घेते. पूर्वी असं नव्हतं. पूर्वी मीही हे वाक्य सढळ हाताने वाटायचे. मग मी एक मोबाइल गेम केला आणि त्या वाक्याचा खरा अर्थ मला कळला. अर्थ असा, की तुझं तू बघ, आम्ही काही आत डोकावणार नाही.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. आता नाशिकजवळच असते, पण त्याआधीची बरीच वर्षं सुरगाणा तालुक्यात काढली. आठवडाभर तिकडे खोलीवर राहायचं आणि शनिवारची सकाळची शाळा सुटली की घराकडे निघायचं. सुरगाण्याहून वणीपर्यंत जीप, तिथून पुढे एसटी. जीपला वेळापत्रक नसतं. ती भरली की सुटते, आणि भरली की नाही हे ड्रायव्हर ठरवतो. मधल्या सीटवर चौघं बसलेले असले की ‘सरका जरा’ म्हणत पाचवा घुसतो. तांदळाचं पोतं पायाखाली, कोंबडी पिशवीत, कुणाचं तरी पोर कुणाच्या तरी मांडीवर, आणि दोघं मागे लटकलेले. मला त्या प्रवासाचा वैताग यायचा. पण कोण कुठे सरकला म्हणजे कुणाला जागा होईल, हे मी वाटभर मनातल्या मनात जुळवत बसायचे. वेळ बरा जायचा.

एका गोष्टीची मात्र मला भयंकर चीड होती. रिकाम्या जीपमध्ये कुणी चढत नाही, कारण ती कधी भरेल याचा नेम नसतो. म्हणून ड्रायव्हर आपलीच माणसं आत बसवून ठेवायचा. खोटे पॅसेंजर. त्यातला एक जण तर मांडीवर पिशवी घेऊन अगदी गावाला निघाल्यासारखा चेहरा करून बसायचा. आपण ‘आता सुटेलच’ म्हणून आत शिरायचं. खरी माणसं येत गेली की हे लोक एकेक करून ‘पाणी पिऊन येतो’ म्हणत उतरायचे ते गायबच. एका शनिवारी मी बसून बसून कंटाळले आणि मग लक्षात आलं, की भरलेल्या जीपमध्ये वणीला जाणारी मी एकटीच आहे. मी बॅग उचलली आणि उतरले. ड्रायव्हर मागून ओरडला, “ओ बाई, गाडी भरली ना! आता कशाला उतरता?” मी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

त्याच वाटेवर घाटाच्या तोंडाशी, शेवटच्या थांब्यावर, एक बाई चढायची. पावसाळ्यात तिच्या टोपलीत रानातली करटुली असायची, एरवी जी भाजी मिळेल ती. जीप तोवर गच्च झालेली असायची. मला पहिल्यांदा भेटली तेव्हा तिने कुणालाही सरकायला सांगितलं नाही. ओली टोपली सरळ माझ्या मांडीवर ठेवली, “धर बाई,” म्हणाली आणि माझ्या पायाशी फतकल मारून बसली. माझा इस्त्रीचा ड्रेस चिखलाने भरला. मी धुसफुसत राहिले. सगळी जीप शाळेची बाई म्हणून माझ्यासाठी अंग चोरून बसते आणि हिला माझी मांडी म्हणजे फळी वाटली! पण पुढच्या शनिवारी तो थांबा आला तेव्हा मी आपणहून बॅग खाली ठेवून मांडी मोकळी केली होती. नंतर बदली होईपर्यंत ती टोपली माझ्याच मांडीवर आली.

बदलीनंतर मला शनिवार खायला उठायला लागले. म्हणून मी ती जीप मोबाइलवर करायला घेतली. मी काही कॉम्प्युटर शिकलेली नाही. व्हिडिओ बघत, चुकत, शिव्या घालत शिकले. चित्रं मीच काढली आणि ‘सरका जरा’ हा आवाजही माझाच आहे. वरून छत काढल्यासारखी जीप दिसते, प्रत्येक थांब्यावर माणसं चढतात, आणि खेळणाऱ्याने एकेकाला बोटाने सरकवून सगळ्यांना जागा करून द्यायची. माझा नवरा व्यवहारी माणूस. त्याने विचारलं, “जिंकल्यावर मिळतं काय?”

“वणी,” मी म्हटलं.

शेवटच्या थांब्यावर टोपलीवाली उभी असते. जीप भरलेली असते. कितीही सरकवलं तरी तिला जागा होत नाही. हॉर्न दाबून तिला तिथेच सोडून जाता येतं, वणीही येते, पण कोरडी. खरी वाट एकच. खिडकीशी शाळेची बाई बसलेली असते. तिला आपण एक पॅसेंजर म्हणूनच बघतो, तिची मांडी ही जागा आहे हे ध्यानातच येत नाही. तिची बॅग खाली ठेवून टोपली मांडीवर दिली की टोपलीवाली पायाशी बसते, आणि वणीच्या स्टँडवर उतरताना ती मूठभर करटुली बाईच्या ओढणीत टाकते. ते चित्र मी सगळ्यात जपून काढलं होतं. मला फार काही नको होतं. मला न ओळखणाऱ्या एखाद्या माणसाने, कुणी न सांगता, ती मांडी शोधून काढावी आणि ती करटुली बघावी. बस.

गेम स्टोअरवर चढवला आणि काहीच झालं नाही. लोक म्हणतात, चांगलं असेल तर आपोआप पोचतं. असं म्हणणारा माणूस भेटला की त्याला त्या स्टोअरमध्ये उभं करावंसं वाटतं. तिथे रोज गेमचे ढीग येऊन पडतात. सणानंतर गोदाकाठी निर्माल्य पडतं ना, तसे. त्यात माझी जीप कुठे तळाशी. मला मागच्या बाजूने एक तक्ता दिसायचा. खेळणाऱ्याचं नाव कळत नाही, पण कोण कुठल्या थांब्यापर्यंत गेलं ते कळतं. पहिल्या थांब्याच्या पुढे कुणीच नव्हतं. शेवटच्या थांब्यावर एक दिसला म्हणून मी आनंदाने उडी मारली, तर ती मीच होते, तपासायला खेळलेली.

मग मी आमच्यासारख्या हौशी लोकांच्या एका ग्रुपवर गेले. वाटलं, समदुःखी भेटतील. तिथे नुसता बाजार. ‘तुम्ही माझा डाउनलोड करा, मी तुमचा करतो.’ मी इमानदारीत लोकांचे गेम खेळले. एकात समोरच्याला थोबाडीत मारायची होती. दुसऱ्यात एका बाईच्या गालावरचे मुरुम फोडायचे होते, फोडल्यावर आवाज यायचा आणि काहीतरी उडायचं. मला ते बघवेना. त्या गृहस्थाला मी तसं सभ्य भाषेत कळवलं, तर त्याने हसऱ्या तोंडाचं चित्र पाठवून विचारलं, “माझ्याला पाच स्टार दिले ना?” माझा त्याने उघडलाही नव्हता.

त्यानंतर नवऱ्याच्या ओळखीतला एक मार्केटिंगवाला भेटला. गंगापूर रोडच्या एका कॅफेत त्याने बोलावलं. दाढी कोरलेली, परफ्यूम असा की समोरच्या कॉफीला त्याची चव लागत होती. फोन हातात घेऊन त्याने माझी जीप जेमतेम पहिल्या थांब्यापर्यंत नेली.

“मॅडम, कन्सेप्ट एकदम गावरान आहे, मस्त आहे,” तो म्हणाला. “पण यात थ्रिल कुठंय? माणसं पडली पाहिजेत. घाटात टर्न घेतला की दोन-चार जण उडाले पाहिजेत.”

“कुणी पडू नये असाच तर गेम आहे,” मी म्हटलं.

“तेच तर चुकतंय ना. आणि ह्या लेडीज जरा…” त्याने हवेत हाताने आकार काढला. “ग्लॅमर पाहिजे थोडं. आणि प्रत्येक थांब्याला दरवाजा उघडायच्या आधी एक जाहिरात. इमोशन चालत नाही मॅडम, माणूस अडकून राहिला पाहिजे.”

टोपलीवालीला ग्लॅमर! मला त्या हाताची, त्या आकाराची इतकी किळस आली की मी कॉफी तशीच टाकून उठले. बाहेर येऊन रसवंतीवर उसाचा रस प्यायले तेव्हा कुठे तोंडातली ती चव गेली.

हे सगळं मी माझ्या भावाला सांगितलं, आणि तिथेच खरा घोळ झाला. दादा माझ्याहून मोठा. एका कंपनीत क्लार्क आहे, पण त्याचा खरा जीव आमच्या कॉलनीत आणि विहाराच्या ग्रुपमध्ये. कुणाला रक्त हवं असो, कुणाच्या पोरीचं ॲडमिशन अडलेलं असो, दादा हजर. माझ्यासाठी तर त्याने लहानपणापासून मारामाऱ्या केल्यात. त्याचा चेहरा लाल झाला.

“बाहेरच्यांच्या कशाला पाया पडतेस?” तो म्हणाला. “आपली माणसं मेली का?”

दुसऱ्या दिवशी त्याने विहाराच्या ग्रुपवर, नातेवाइकांच्या ग्रुपवर, त्याच्या शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर लिंक टाकली. सोबत नमुन्याचा मजकूर, आणि खाली सूचना: कॉपी करून टाका, पाच स्टार द्यायला विसरू नका. आमच्या लोकांना एकदा कॉपी करायला सांगितलं की ते मागे हटत नाहीत. संध्याकाळपर्यंत माझ्या गेमखाली रांग लागली. ‘अतिशय सुंदर उपक्रम. पुढील वाटचालीस हार्दिक शुभेच्छा.’ पाच स्टार. खाली पुन्हा तेच. त्याच्या खाली पुन्हा तेच, स्वल्पविरामासकट. एका काकांनी घाईत दुसऱ्याच ग्रुपवरचं ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ चिकटवलं, तेही पाच स्टारसह. सगळ्या यादीत तेवढाच अभिप्राय मला जरा प्रामाणिक वाटला.

मी तक्ता उघडला. आलेल्यांपैकी बहुतेकांनी जीप सुरूच केली नव्हती. दार उघडलं, आत डोकावले, स्टार ठेवले, उतरले. माझ्याच स्वतःच्या जीपमध्ये माझ्या रक्ताची माणसं पिशव्या मांडीवर घेऊन बसली होती. मी दादाला तसं म्हटलंही. “दादा, हे खोटे पॅसेंजर आहेत रे.”

“अगं, बसू दे की,” तो म्हणाला. “भरलेली दिसली तर चार खरे येतील. धंदा असाच चालतो.”

आणि चिडीची गोष्ट अशी, की त्याचं खरं ठरलं. चार नाही, पण एक आला. तक्त्यावर एक कुणीतरी दुसऱ्या थांब्यावर दिसला, मग चौथ्या. खोटे पॅसेंजर ओळखून उतरवायचा एक थांबाही मी गेममध्ये घातला होता, मुद्दाम अवघड. तिथे तो बराच अडला आणि मग पुढे सरकला. शाळेतून आले की मी चप्पल काढायच्या आधी तक्ता बघायचे. एके दिवशी तो शेवटच्या थांब्यावर पोचला. तिथून हलेना. आणि मग त्या शुभेच्छांच्या चिखलात एक वेगळं वाक्य उगवलं. दोन स्टार. लिहिलं होतं: ‘टोपलीवाली बाई काही केल्या बसत नाही. सगळ्यांना सरकवून पाहिलं. तिला सोडून जायला मन होत नाही. गेममध्ये चूक आहे का?’

मी ते वाचून अक्षरशः स्वयंपाकघरात जाऊन नवऱ्याला दाखवलं. तो म्हणाला, “दोनच स्टार दिलेत.” मी म्हटलं, “तिला सोडून जायला मन होत नाही, हे वाच ना.” कोण असेल तो किंवा ती, कुठल्या गावची असेल, काही कळायला मार्ग नव्हता. पण हॉर्न दाबून निघून जायची सोय असताना तो माणूस रोज येऊन त्या बाईपाशी थांबत होता. इतक्या दिवसांत मला पहिल्यांदा वाटलं, की ही जीप कुणासाठी तरी केलेली आहे.

उत्तर मी लगेच दिलं नाही. उघड सांगायचं नव्हतं, आणि न सांगता सुचवायचं कसं हे उमगत नव्हतं. ‘चूक नाही. जीपमध्ये सगळ्यांकडे नीट बघा,’ एवढंच लिहावं असं ठरवत होते. मध्येच शाळेत चाचणीचे पेपर आले, आणि त्याच रविवारी माझा सत्कार होता.

हो, सत्कार. तो दादानेच ठरवला होता. विहाराच्या हॉलबाहेर फ्लेक्स लागला होता, त्यावर माझा लग्नाच्या अल्बममधला फोटो आणि ‘आपल्या कॉलनीची शान’. समोर खुर्च्यांवर सगळे शुभेच्छावाले नटूनथटून. पाहुणे म्हणून एक माजी नगरसेवक आले होते. फोटोसाठी त्यांच्या हातात गेम देण्यात आला. त्यांनी फोन स्टिअरिंगसारखा दोन्ही हातांनी फिरवला आणि म्हणाले, “ही पळत कशी नाय?” सगळे हसले. मला शाल घातली, नारळ दिला. शालीला डांबरगोळ्यांचा वास येत होता, म्हणजे ती आधी कुणाच्या तरी सत्काराला होऊन आलेली होती.

मग दादाने माइक घेतला. डोळे पाणावले होते त्याचे, खोटं कशाला सांगू. म्हणाला, “आपल्या पोरीचं कुठं चांगलं झालं की लोकांना बघवत नाही. परवा एका नतद्रष्टाने येऊन दोन स्टार दिले. म्हणे गेममध्ये चूक आहे. मी म्हटलं, सोडायचं नाही! आपण सगळ्यांनी मिळून रिपोर्ट मारला. लिहिलं, हा माणूस घाणेरडं बोलतो. आज सकाळी बघतो तर, साफ!”

टाळ्या. वहिनी तर उभी राहून टाळ्या वाजवत होती. मी शालीत बसल्या बसल्या फोन उघडला. वर पाच स्टार, खाली पाच स्टार, मधल्या त्या एका वाक्याची जागा बुजलेली. उत्तर द्यायलाही काही उरलं नव्हतं, कारण ज्याच्याखाली लिहायचं तेच नाहीसं झालं होतं. त्या हॉलची, त्या शालीची, त्या टाळ्यांची आणि खुर्चीत बसून हसरं तोंड करणाऱ्या माझी मला किळस येत होती.

माइक माझ्याकडे आला. मी म्हटलं, “तो एकटाच खेळत होता.”

लोकांना वाटलं विनोद आहे. पुन्हा टाळ्या झाल्या. मग समोसे आले.

घरी येऊन मी दादाला जे बोलायचं ते बोलले. आवाज चढला. ज्यांनी एकदाही जीप हलवली नाही त्यांनी खऱ्या पॅसेंजरला कॉलर धरून खाली ओढलं, असं मी म्हटलं. शेवटी तो एवढंच बोलला, “मला काय माहीत गं? दोन स्टार म्हणजे वाईटच ना. तुझ्यासाठीच केलं.” आणि ते खरं होतं. वाईट माणसाचा राग करता येतो. जो आपल्यासाठी जीव टाकतो आणि आपलं काम मात्र उघडूनही बघत नाही, त्याचं काय करायचं, हे मला कुणी शिकवलेलं नाही.

तक्त्यावर तो अजून शेवटच्या थांब्यावर होता. एवढीच आशा. मी झटपट एक सुधारणा केली. आता त्या थांब्यावर थोडा वेळ गेला की टोपलीवाली शाळेच्या बाईकडे बघून म्हणते, “धर बाई.” माझ्याच आवाजात, पण होईल तेवढा तिच्यासारखा काढून. नवीन काय आहे ते लिहायच्या जागी मी लिहिलं: ‘शेवटच्या थांब्यावर जे थांबले आहेत त्यांच्यासाठी. चूक तुमची नाही.’ ते वाचेल, परत उघडेल, ऐकेल, असं वाटत होतं. शाळेत फळ्यावर लिहितानाही माझं निम्मं लक्ष खिशातल्या फोनकडे असायचं. थांबा तोच, माणूस तोच, पण त्याने पुन्हा गेम उघडल्याची खूण काही दिसेना. एका शनिवारी घरी येऊन बघितलं तर शेवटच्या थांब्यावर कुणीच नव्हतं. वणीला पोचलेलंही कुणी नव्हतं. गेम काढून टाकणाऱ्यांच्या रकान्यात तेवढा एक वाढला होता.

मी फोन उलटा करून ओट्यावर ठेवला आणि कणीक मळायला घेतली. तेवढ्यात तो वाजला. दादा. सत्कारानंतर आमचं नीट बोलणं नव्हतं, म्हणून आवाज मुद्दाम उत्साहाचा काढला होता.

“रेटिंग बघितलंस का? पाचपैकी पाच! एकाचंही खाली नाही. आता काय, गाडी फुल!”

“हो दादा,” मी म्हटलं. “भरली.”

“मग सोड की गाडी!” तो हसला.

मी फोन ठेवून पुन्हा कणकेत हात घातला. गाडीत बसलेल्यांपैकी वणीला कुणालाच जायचं नव्हतं.